टेबलाच्या त्या बाजूला

वाऱ्याने नयनाला अक्षरशः त्या दुकानात ढकललं.

१९८४ चा जून होता. सकाळपासून शमाल, तो उत्तरेकडचा धुळीचा वारा, सुटला होता आणि सगळं दोहा पिवळट धुळीत बुडून गेलं होतं. बाजारातून नर्सेस हॉस्टेलकडे निघालेल्या नयनाच्या डोळ्यांत, कानांत, अगदी दातांतसुद्धा रेती करकरत होती. ओढणीने तोंड झाकून तिने हाताला लागलं ते पहिलं दार ढकललं आणि आत शिरली.

"अरे दार! दार लाव दार!"

मराठीत! या शहरात, एका अनोळखी दुकानात, कुणीतरी तिच्यावर चक्क मराठीत ओरडलं होतं. ती इतकी दचकली की दार लावायचंच राहिलं.

आत जवळजवळ खोलीएवढं मोठं टेबल होतं. टेबलावर फुलाफुलांची चादर, आणि चादरीवर पसरलेलं... काय होतं ते? कणकेचंच काहीतरी, पण इतकं पातळ की खालची निळी फुलं आरपार दिसत होती. एका बाजूला पांढऱ्या मिशांचा गोरा म्हातारा, दुसऱ्या बाजूला कोपरापर्यंत पिठाने माखलेला एक उंच, सावळा तरुण. दोघांच्या डोळ्यांदेखत ते नाजूक पान गरम वाऱ्याने सुकलं, कडांनी वळलं आणि मधोमध तडकलं.

"खलास," म्हातारा शांतपणे म्हणाला.

नयनाने घाईघाईने दार लावून त्याला पाठ टेकली.

"सॉरी मॅडम," तो तरुण आता हिंदीवर आला, "वो क्या है, हवा से..."

"मला मराठी कळतं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला मराठीत ओरडताही छान येतं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजूबाजूला पीठ असल्यामुळे त्या जरा जास्तच दिसल्या.

"कुठल्या तुम्ही?"

"यावलची. जळगाव जिल्हा."

"मी मच्छिंद्र. पाथर्डीचा." तो हसला. "इतक्या दिवसांत या दुकानात मराठी बाई पहिल्यांदाच आली... आणि मी तिच्यावरच खेकसलो."

"माझ्यामुळे फाटलं ना ते?"

"वाऱ्यामुळं फाटलं. तुम्ही वाऱ्याबरोबर आलात, एवढंच."

वारा काही थांबेना. म्हाताऱ्याने तिला स्टूल दिलं, छोट्या कपात काळी कडू कॉफी दिली. त्याचं नाव मानोलिस. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचा. मच्छिंद्र त्याला मास्तर म्हणायचा. मास्तर आणि त्याची बायको कातिना, दोघं मिळून उभ्या जन्मात हेच करत आले होते – कणकेचा गोळा हाताने ओढून ओढून कागदाहून पातळ करायचा. त्याला म्हणायचं फिलो. त्यांच्या भाषेत फिलो म्हणजे पान. अशी पानांवर पानं रचून, मध्ये पिस्ता घालून, तुपात भाजून बकलावा व्हायचा. ही मोठी पानं एकट्याने होत नाहीत. टेबलाच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, अशी दोन माणसं लागतात. लेकीच्या बाळंतपणाला कातिना क्रीटला गेली ती नातवातच रमली, आणि मास्तरने आपल्या व्हॅनच्या ड्रायव्हरलाच तिच्या जागी उभं केलं. तो ड्रायव्हर म्हणजे मच्छिंद्र.

"आमच्याकडे मांडे करतात ना, तसंच की हे," नयना म्हणाली.

"हे?"

"हेच नाही. पण याची मावसबहीण म्हणा. माझी आई पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करते आणि उलट्या खापरावर टाकते."

"आणि तुम्ही?"

"मीही करते. पहिले चार भावाला खायला लागतात, फाटके. पाचवा पाहुण्यांना वाढता येतो."

मच्छिंद्र खदखदून हसला. दोघं काय बोलले ते मास्तरला कळलं नाही, पण तोही मिशीतल्या मिशीत हसला.

त्यानंतर दर शुक्रवारी नयनाला बाजारात काही ना काही काम निघू लागलं. कधी दोरा हवा असे, कधी साबण. हॉस्टेलमध्ये तिच्या खोलीत आबिदा होती, श्रीवर्धनची, वयाने मोठी आणि जिभेने तिखट.

"काय गो, तुझा साबण कुठल्या दुकानात मिळतो? बकलाव्याचा वास येतो त्याला."

नयना उशीत तोंड लपवायची.

मच्छिंद्र तिच्याशी बोलायचा, पण पानाकडे बघत. चेष्टा करायचा, पण पानाकडे बघत. तिने एकदा विचारलंच, "त्या पानात असं काय लिहिलंय, की मान वर होत नाही?"

"मान वर केली की पान फाटतं," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "तुम्ही समोर बसल्यावर तर जास्तच."

ऑक्टोबर संपता संपता मास्तर ओल्या फरशीवरून घसरला. मनगट मोडलं. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये त्या दिवशी ड्यूटीवर नयनाच होती. प्लास्टर घालताना म्हातारा विव्हळला नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या मच्छिंद्रचा चेहरा पार उतरला होता.

"उत्तरेकडं मदिनत अश शमाल गावात एका घरी लग्न आहे," तो म्हणाला. "परातीच्या पराती बकलावा द्यायचाय. मास्तरनं शब्द दिलाय, हाताच्या पानांचा देईन म्हणून. आता मशीनची पानं, डब्यातली, मिळायला लागलीत. ती आणून घातली तरी चालेल, असं मी मागं म्हणालो... तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"टेबलाला माणूस पाहिजे ना?" नयना प्लास्टरवरून ओला हात फिरवत म्हणाली. "मी येते."

"तुम्ही?"

"का? पहिले चार फाटतील. ते तुम्ही खा."

आणि ती आली. ड्यूटी संपवून रोज दुपारी.

पान सुकू नये म्हणून पंखा बंद, एसी बंद. खोलीत दमट ऊब आणि तुपाचा वास. मास्तर प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून कोपऱ्यातून हुकूम सोडायचा, "यल्ला, यल्ला! स्लोली!" चला चला, पण हळू.

"नखं बघू," पहिल्या दिवशी मच्छिंद्र म्हणाला.

"नर्स आहे मी. नखं वाढवायची चैन आमच्या नशिबात नाही."

"बांगड्या?"

तिने काढून ठेवल्या.

"आता हात पानाखाली घाला. तळवे खाली, मुठीची पाठ वर. ओढायचं नाही. नुसतं आपल्याकडं... बोलवायचं."

"बोलावल्यावर येतं?"

"हलक्या हातानं बोलवलं तर येतं."

"माणसंसुद्धा?"

त्याने मान आणखीच खाली घातली. मग म्हणाला, "पानाकडं बघा. फाटंल."

फाटलंच. चार नाही, कितीतरी फाटली. पण एका दुपारी दोघांच्या हातांखालून गोळा सरकत सरकत टेबलाच्या चारी कडांपर्यंत गेला, खाली ओघळला, आणि चादरीवरचं एकूण एक फूल वर दिसू लागलं. दोघंही श्वास रोखून उभे होते. मास्तर उठला. पानाला गोल वळसा घालून त्याने ते वाकून न्याहाळलं, आणि मग धडक्या हाताने नयनाच्या डोक्यावर थोपटलं.

मच्छिंद्रने त्या दिवशी मान वर केली. चांगली सावकाश वर केली... आणि खाली घ्यायला विसरला.

लग्नाच्या दिवशी पराती घेऊन व्हॅन उत्तरेला निघाली. मास्तरने नयनालाही पाठवलं, आणि नयनाबरोबर आबिदा आली. "एकटीला सोडते होय मी?" असं म्हणत ती थेट दोघांच्या मध्येच बसली.

लग्नघरच्या बायकांनी परातींवरचं फडकं उचललं आणि पहिला तुकडा तिथेच तोंडात टाकला. कुर्रर्र असा आवाज झाला. घरची म्हातारी आई नयनाचे दोन्ही हात हातात घेऊन अरबीत भरभरून काहीतरी बोलली. त्यातलं "शुक्रन" तेवढं नयनाला कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

परतीच्या वाटेवर आभाळ भरून आलं. उजाड माळरानावर टपोरे थेंब पडू लागले. पुढच्या गाड्या थांबल्या, लोक उतरून हात पसरून उभे राहिले. इथे पाऊस म्हणजे सणच! मच्छिंद्रनेही व्हॅन कडेला घेतली. काच खाली करून नयनाने हात बाहेर काढला. आबिदाची मान एव्हाना कलली होती आणि डोळे मिटले होते.

आज बोलायचं, असं नयनाने ठरवलंच होतं.

"जानेवारीत माझा करार संपतोय," ती म्हणाली.

"मग? नवा करायचा ना?"

"दादा म्हणतोय, परत ये. त्याने एक स्थळ बघितलंय. भुसावळचं. रेल्वेत आहे."

वायपर एकदा इकडून तिकडे गेला. परत तिकडून इकडे आला.

"रेल्वेतलं..." मच्छिंद्र समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "चांगलं असतं."

आबिदाने डोळे न उघडताच सुस्कारा सोडला. "या अल्ला... एवढंच?"

नयनाने हात आत घेतला आणि काच वर केली.

त्यानंतर ती दुकानाकडे फिरकलीच नाही. बाजारातली सगळी कामं संपली होती. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ती स्वतःशीच म्हणायची, इतके दिवस समोरासमोर उभे होतो आणि त्याला काहीच कळलं नाही? की कळूनही... दादाला काय कळवायचं तेही तिने ठरवून टाकलं. येते म्हणायचं.

डिसेंबरात मास्तर प्लास्टर काढायला आला, एकटाच. नयनाने कापलेलं प्लास्टर उलगडलं, मनगट हळू फिरवून बघितलं. छान जुळलं होतं.

"आय गो होम," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "कातिना वेटिंग. शॉप... फॉर मिखालिस." मच्छिंद्र म्हणणं त्याच्या जिभेला कधी जमलंच नव्हतं. मग त्याने नयनाकडे रोखून बघितलं. "मिखालिस गुड बॉय. बट... हिमार."

हिमार म्हणजे गाढव, एवढं अरबी नयनाला येत होतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. म्हाताऱ्याने बऱ्या झालेल्या हाताने दाराकडे बोट दाखवलं. "गो. यल्ला."

ड्यूटी संपताच ती तशीच, युनिफॉर्मवर निघाली. निदान नीट निरोप तरी घेऊ, असं मनाला समजावत.

दुकानात मच्छिंद्र टेबलाशी उभा होता. आणि त्याच्या समोर, नयनाच्या जागेवर, एक जाडजूड मिशीवाला गडी दातांत जीभ धरून पान ओढत होता. दोघांच्या मुठींवर पान अर्धवट पसरलेलं.

नयना दारातच थांबली.

"नवीन माणूस मिळाला वाटतं," ती म्हणाली.

"मिळाला." मच्छिंद्रच्या आवाजात विचित्र धाप होती. "पोपटराव. माझ्याच रूमवर राहतो. संगमनेरचा. सुतारकाम करायचा, आता इथं येतोय."

"नमस्कार," पोपटराव म्हणाला. हात जोडता येत नव्हते म्हणून त्याने नुसतीच मान हलवली.

"छान झालं. मग माझं काम संपलंच की." ती वळली.

"थांब!"

ओळख झाल्यापासून तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"नयना, थांब. मला हात सोडता येत नाहीत, पान अर्ध्यावर आहे. पण तू जाऊ नको."

"तुम्हाला माणूस हवा होता. मिळाला ना?"

"टेबलाला माणूस हवा होता. तो मिळाला." मच्छिंद्रने मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. "मास्तर जाणार हे मला आधीच माहीत होतं. पानाला दोन माणसं लागतात, हे तर सगळ्यांनाच माहिती. अशात मी तुला विचारलं असतं तर तू काय समजली असतीस? की याला टेबलाच्या त्या बाजूला उभी करायला बायको पाहिजे. म्हणून त्या दिवशी गाडीत... जीभ चावून गप्प बसलो. आणि दुसऱ्या दिवसापासून पोपटरावला शिकवायला घेतला. रात्री झोप लागंना, की हा शिकायच्या आत तू भुसावळला गेलीस तर? लई पानं फाडली यानं."

"लई," पोपटरावने कबूल केलं.

"कालपासून त्याला जमायला लागलंय." मच्छिंद्रचा आवाज खाली आला. "आता टेबलाला तुझी गरज नाही, नयना. मला आहे."

रागवावं म्हणून नयनाने तोंड उघडलं, पण राग केव्हाच निघून गेला होता.

"दादा आधी खूप ओरडेल," ती शेवटी म्हणाली.

"ओरडू दे. मला ओरडणाऱ्या माणसांचं काही वाटत नाही."

"मी नोकरी सोडणार नाही. करार वाढवायचं उद्याच सांगून टाकते ऑफिसात."

"सोडूच नको."

"आणि तुझ्या घरच्यांनी यावलला जायचं. रीतसर, मागणी घालायला."

"परवा आईशी ट्रंक कॉलवर बोललोय. ती म्हणाली, पोरीला आधी विचार, मग मला सांग."

"वहिनी," पोपटराव काकुळतीला येऊन म्हणाला, "जे काय असंल ते लवकर सांगा. माझे हात भरून आले."

नयना खळखळून हसली. मच्छिंद्रही हसला, पण त्याचे हात हलले नाहीत. त्याने आणि पोपटरावने मिळून पान सावकाश चादरीवर उतरवलं. पोपटराव कपाळ पुसत, "च्या सांगून येतो," असं म्हणत बाहेर पडला आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.

मच्छिंद्र टेबलाला वळसा घालून तिच्याकडे आला. इतक्या महिन्यांत ती दोघं पहिल्यांदाच एका बाजूला उभी होती. मध्ये टेबल नव्हतं, पान नव्हतं, आबिदाही नव्हती.

"मग?" त्याने विचारलं.

नयनाने त्याचा पिठाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हो," ती म्हणाली.