ठिणगी थोडी आधी

“किती वाजले असतील?”

प्रश्न पाठीमागून आला. भाद्रपदातले ऊन नुकतेच ढगांच्या मुठीतून सुटून वेधशाळेच्या पांढऱ्या भिंतींवर सांडले होते, आणि मी सम्राट यंत्रापाशी वाकून सावलीची धार कोणत्या रेघेवर टेकली आहे ते वहीत टिपीत होते. माझे वडील, भय्यासाहेब, वेधशाळेत निरीक्षक. त्यांचा गुडघा कुरकुरू लागला की ती वही माझ्या हाती येई.

“कुठले?” मी न वळताच विचारले.

“म्हणजे?”

“उज्जैनचे वाजलेले सांगू, की रेल्वेचे?”

मागून एक दबलेले हसू आले. मी वळले. खाकी पँट, चिखलाने माखलेले बूट, आणि मनगटावरचे घड्याळ कानाशी धरलेला एक उंच तरुण.

“दोन्हींत फरक असतो?”

“आज बरोबर सत्तावीस मिनिटांचा. तुमची सगळी घड्याळं मिर्झापुराकडच्या सूर्यावर चालतात. आमचा सूर्य जरा फुर्सतीनं येतो.”

“मग मला इथलेच सांगा,” तो म्हणाला. “किल्ली द्यायला विसरलो नि हे इथं येऊन थांबलं. जिथं थांबलं, तिथलीच वेळ लावावी.”

“अकरा वीस.”

त्याने काटे फिरवले, किल्ली दिली, आणि मान इतकी गंभीरपणे हलवली की जणू मी त्याला एखादे रहस्य सांगितले होते. तो श्रीनाथ. मूळचा ग्वाल्हेरचा, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, क्षिप्रेच्या पुराच्या खुणा मोजायला तीन महिन्यांसाठी उज्जैनला आलेला.

जाता जाता तो आमच्या क्वार्टरच्या मागे थबकला. तिथे कडुनिंबाखाली एक दोडक्याचा वेल होता आणि त्या वेलाखाली एक मोटारसायकल होती. लढाईनंतर महूच्या फौजी लिलावात भय्यासाहेबांनी ती घेतली, चार वर्षे रुबाबात फिरवली, आणि एके दिवशी ती बंद पडली ती पडलीच. पुढे दोडक्याने तिला आपले म्हटले.

“एवढी चांगली गाडी अशी ठेवतात होय?” श्रीनाथ हळहळला.

“दोडके चांगले लागतात तिच्यावर,” ओसरीवरून अक्का म्हणाली. अक्का माझी आत्या. आसवारिष्टे, काढे आणि टोमणे या तिन्हींत तिचा हात धरणारे कोणी नव्हते.

भय्यासाहेबांनी पंचांगातून डोके वर काढले. “चालू करून दाखवाल, तर घेऊन जा. माझ्या गुडघ्याला आता ती किक झेपायची नाही. पण दोडके संपल्याशिवाय वेल तोडायचा नाही.”

अशा रीतीने त्या दोघांचा करार झाला. माझ्याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

श्रीनाथ रोज संध्याकाळी येऊ लागला. आधी वेलाखाली आडवा होऊन, नंतर वेल सुकल्यावर मोकळ्या आकाशाखाली, तो त्या यंत्राचा एकेक अवयव सुटा करी आणि मी तो रॉकेलच्या थाळीत धुई. लोखंडाला गंजाखाली स्वतःचा एक निळसर उजेड असतो, हे मला तेव्हा कळले. आणि एखाद्याच्या बोटांच्या पेरांतला काळेपणा आपल्या बोटांवर उतरला, तर तो लगेच धुवावासा वाटत नाही… हेही.

सुटे भाग मिळवणे मात्र सोपे नव्हते. कार्बुरेटरमधला पितळी तरंगा फुटला होता. त्याला भांडी सांधणाऱ्या कसेऱ्याने डाग दिला. क्लचच्या चकतीतली बुचे झिजून धूळ झाली होती. मी अक्काच्या द्राक्षासवाच्या बाटल्या रिकाम्या करून त्यांची बुचे कापून दिली.

“माझ्या औषधाला आता बोळा लावू?” अक्का कडाडली.

“गाडीला ताकद येईल, अक्का,” श्रीनाथ म्हणाला.

“गाडीला येऊ दे. तुम्हालाही एक चमचा देते. रोज येता, बसता, आणि बोलत काहीच नाही!”

श्रीनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी थाळीतल्या रॉकेलकडे पाहत राहिले. त्यात माझा चेहरा हलत होता.

गाडीच्या पुढच्या दिव्याची आतली चकाकती वाटी कुठेच सापडेना. शेवटी भय्यासाहेबांना आठवले, ती त्यांनीच राम घाटावरच्या एका पंड्याला दिली होती. आम्ही घाटावर गेलो, तर वाटी तेलाच्या ज्योतीमागे उभी होती आणि एवढीशी ज्योत आरशात शंभर होऊन पाण्यावर डुलत होती.

“बाबूजी, छह साल से इसी में मैया की जोत जगमगा रही है,” पंडा कळवळला. “इसे ले जाओगे तो पाप नहीं लगेगा?”

“और नया पंचांग मिलेगा तो?” मी विचारले.

“भय्यासाहेब के हाथ का?” त्याने ज्योत बाजूला सरकवली. “फिर तो पुण्य है, बेटी।”

परतताना श्रीनाथने ती वाटी छातीशी धरली होती. मावळतीचा उजेड तिच्यात शिरून त्याच्या हनुवटीवर पडत होता. तो काही म्हणणार, असे वाटले. तो म्हणाला, “आता फक्त ठिणगी पाडणारा मॅग्नेटो राहिला.”

मॅग्नेटो राहिला, म्हणजे दिवस थोडे राहिले. ज्या गोष्टीसाठी तो येत होता ती पुरी होत चालली होती, आणि पुरे होण्याची मला भीती वाटू लागली होती.

दसऱ्याला अक्काने त्या न चालणाऱ्या गाडीला झेंडूची माळ घातली. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला. पहिल्या नोव्हेंबरला नवा मध्यप्रदेश होणार. मध्यभारताच्या कचेऱ्या भोपाळला हलणार. श्रीनाथने एकतीस ऑक्टोबरला निघावे. त्याच आठवड्यात भय्यासाहेबांनी मला सांगितले, “दिवाळीनंतर देवासची मंडळी तुला पाहायला येताहेत. पत्रिका उत्तम जुळते.”

नकाशावरच्या रेघा पुसणारे हात किती दूर असतात… आणि त्या रेघा पुसल्याचा ओरखडा मात्र अंगणात उठतो.

मॅग्नेटो बसवायचा तो दिवस मला लख्ख आठवतो. ठिणगी कोणत्या क्षणी पडावी, हे ठरवायचे होते.

“पिस्टन वर चढतो, गॅस दाबला जातो, आणि मग ठिणगी,” श्रीनाथने समजावले. “पण नेमकी कुठे?”

“अगदी वर,” मी म्हणाले. “माध्यान्ही. सूर्य सर्वांत उंच असतो तो क्षण. त्याच्या आधी नाही, नंतर नाही.” वेधशाळेत वाढलेली मुलगी दुसरे काय सांगणार?

अक्काची विणायची सुई आम्ही प्लगच्या भोकातून आत सोडली. तो चाक फिरवी, मी सुईकडे पाही. वर, वर, आणखी वर… “थांबा!” आम्ही दोघांनी तो क्षण इतक्या काटेकोरपणे पकडला की भय्यासाहेबांनी चष्मा लावून येऊन शाबासकी दिली.

गाडी सुरू झाली, आणि तरी चालली नाही. घुरघुरली, धुरकटली, तिची धुराची नळी लालबुंद तापली, आणि जयसिंगपुऱ्याचा पहिला चढ येताच तिने प्राण सोडला. आम्ही तिला ढकलीत आणले. ती एकोणतीस तारीख होती.

“सुनंदाबाई,” हँडल धरून चालता चालता श्रीनाथ म्हणाला, “मला तुम्हाला… म्हणजे, योग्य वेळ आली की एक गोष्ट विचारायची आहे.”

मी त्याच्याकडे वळले. “कधी येते ती?”

“सगळं ठीकठाक बसलं की. भोपाळला जागा मिळेल, नोकरी कायम होईल… वर्षभरात.”

वर्षभरात! त्याआधी देवासची मंडळी पोहे खाऊन, पत्रिका जुळवून, मला घेऊनही गेली असती. पण हे सांगायचे कसे? मी हँडलवरच्या झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या वेचीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी देवास गेटजवळच्या उस्तादांकडे नेली. पांढऱ्या दाढीचे ते मिस्त्री महूच्या छावणीत अशाच गाड्या दुरुस्त करीत म्हातारे झाले होते. त्यांनी सुई आत घालून पाहिली, आणि पोट धरधरून हसू लागले.

“ठीक बारह बजे चिनगारी! किस ज्योतिषी ने मुहूर्त निकाला?”

“मी,” मी म्हणाले. “मतलब… मैंने।”

“बहनजी,” हसू आवरीत ते म्हणाले, “चिनगारी गिरते ही ज़ोर नहीं लगता। आग को फैलने में वक़्त लगता है। ऊपर पहुँचने का इंतज़ार करोगी, तो पिस्टन उतर चुका होगा। थोड़ा पहले गिराओ, तब वक़्त पर ज़ोर मिलेगा।” त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या इंचाची जागा दाखवली. “बस, इतना पहले।”

श्रीनाथ पान्याने नट आवळीत होता. मी त्या अर्ध्या इंचाकडे पाहत होते.

एकतीस तारखेची सकाळ निरभ्र होती. गाडी पहिल्याच किकेला गरजली, जयसिंगपुऱ्याचा चढ हसत चढून गेली आणि परत आली. क्लच तापला की अंगणात द्राक्षासवाचा मंद वास दरवळे. अक्काने दही-साखर दिली. श्रीनाथने पिशवी मागे बांधली. भय्यासाहेब मुद्दाम की सहज, चष्मा शोधायला आत गेले, आणि अक्काही त्यांच्यामागून गेली.

“निघतो,” तो म्हणाला.

“मला एक सांगायचंय.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “देवासच्या मंडळींना मी येऊ नका म्हणून कळवायला सांगणार आहे.”

“देवासची… कोण मंडळी?”

“मला पाहायला येणारी.”

त्याने गाडी बंद केली.

“भय्यासाहेब कारण विचारतील,” मी म्हणाले. “तेव्हा… तुमचं नाव सांगू, की नको?”

“पण सुनंदाबाई, मी तर योग्य वेळेची—”

“ठिणगी थोडी आधी पडावी लागते. काल उस्ताद सांगत होते, तेव्हा तुम्ही नट आवळत होता.”

मग त्याने बाही मागे सारून मनगट पुढे केले. घड्याळात आठ वाजायला दहा मिनिटे होती. मघाशीच ओसरीवरच्या रेडिओने सव्वाआठ वाजल्याचे सांगितले होते.

“हे मागं आहे…” मी म्हणाले, आणि थांबले.

“सत्तावीस मिनिटं. रोज किल्ली देतो, पण काटे हलवले नाहीत. दोन महिने कचेरीत उशिरा पोचतोय. साहेबांनी दोनदा लेखी जबाब मागवला.” तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. “तुम्ही लावून दिलेली वेळ बदलवेना. ठिणगी माझीही पहिल्याच दिवशी पडली होती. सांगायचं तेवढं राहिलं.”

“मग आता सांगा.”

“नाव सांगा माझं,” तो म्हणाला. “नाही… थांबा. मीच सांगतो.”

तो चिखलाच्या बुटांनिशी ओसरीवर चढला. आतून आधी अक्काचा आवाज आला, “एकाच चमच्यात गुण आला बघा!” आणि मग भय्यासाहेबांचा: “अहो, दोन महिने एका मोटारसायकलीला लागतात होय? तुम्ही काही बोलेनात, म्हणून मी देवासची पत्रिका मागवली. आणा तुमची. देवासला मी आजच कार्ड टाकतो.”

श्रीनाथ बाहेर आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल होत्या. त्याने किक मारली. तो गाडीवर बसला, आणि राम घाटाच्या ज्योतीची ती वाटी सकाळच्या उन्हात उगीचच लखलखली.

“दिवाळीच्या पाडव्याला येतो,” इंजिनाच्या आवाजावर तो ओरडला. “संध्याकाळी सहाला!”

“कुठले सहा?” मीही ओरडले.

त्याने मनगट उंच धरले.

“इथलेच!”