जोडीतला दुसरा गिअर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या घरात घडलेली आहे. आणि रात्रीची तर मुळीच नाही. भर दुपारची. ऊन खिडकीतून थेट माझ्या शिलाई मशीनवर पडलेलं असताना घडलेली.

आमच्या ह्यांची एक जुनी छोटी गाडी होती. चार माणसं बसली की गुडघे कानाला लागायचे, अशी. लेकीपेक्षा वयाने मोठी, आणि लाडही लेकीपेक्षा जास्त. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी बसणं तिला ठाऊक नाही. ती नर्स झाली, लांबच्या रुग्णालयात नोकरी लागली, आणि तिने जाहीर करून टाकलं की गाडी मीच नेणार.

नेमका तेव्हाच गाडीचा गिअरबॉक्स गेला.

तशा गाड्या आता बनत नाहीत. ह्यांनी भंगारवाल्याकडून तसल्याच एका गाडीचा गिअरबॉक्स आणून मिस्त्रींच्या मदतीने बसवला. गाडी चालू झाली, पण स्पीडोमीटर खोटं बोलायला लागला. गाडी सायकलच्या मागे रांगत असायची आणि काटा साठवर!

मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. स्पीडोमीटरचे गिअर दोन असतात. एक गिअरबॉक्सच्या आत. दुसरा अंगठ्याएवढा, मीटरच्या केबलच्या टोकाला. आतला फिरला की बाहेरच्याला फिरवतो, केबल फिरते आणि काटा हलतो. दोघांचे दाते एकमेकांच्या मापाचे लागतात. ह्यांनी आतला परक्या गाडीचा आलेला असूनही बाहेरचा आपलाच जुना ठेवला होता. का, तर आपल्या गाडीचं काहीतरी आपलं राहावं म्हणून. मी म्हटलं, त्या गाडीशीच संसार करायचा होतात.

"साहेब, जोडी फोडायची नसते," मिस्त्री म्हणाले. "आतला ज्या गाडीचा, बाहेरचाही तिचाच हवा."

मग हे पुन्हा भंगाराच्या ढिगात शिरले आणि त्या गिअरचा मूळचा जोडीदार शोधून आणला. प्लास्टिकचा, पिवळट पडलेला. तो बसवला आणि काटा अगदी शहाण्यासारखा चालू लागला. हे घरभर शीळ घालत फिरत होते.

मग एका दुपारी मी गाडीत राहिलेली पिशवी आणायला गॅरेजमध्ये गेले. हे बाहेर गेले होते. गाडी चालू करायची किल्ली ह्यांच्याच खिशात, दार मात्र उघडंच असायचं.

आतून बारीक आवाज येत होता...

कुर्रर्र... कुर्रर्र...

घूस असेल म्हणून मी गाडीचं दार उघडून डोकावले. घूस नव्हती. चाकं जागच्या जागी. इंजिन थंडगार.

आणि काटा वर चढत होता...

तीस. पन्नास. सत्तरवर जाऊन तो थरथरत राहिला. मग एकदम शून्य. उतरताना दिसलाच नाही. सत्तरवर होता, आणि मग शून्यावर होता.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, उन्हाने डोकं तापलंय तुझं. दुसऱ्या दुपारी मी ह्यांना हाताला धरून गाडीपाशी नेलं.

त्यानंतर ह्यांची शीळ बंद झाली.

हे भंगारवाल्याला खोदून खोदून विचारून आले. ती भंगारात आलेली गाडी एक तरुण मुलगी चालवायची. दुपारच्या पाळीला एकटीच निघाली होती. उतारावर ब्रेक लागलेच नाहीत, आणि समोर भिंत होती.

भिंगरीला मी किती विनवलं, बसने जा म्हणून. पण ऐकेल तर ती भिंगरी कसली? तिच्या मते गाडीच्या वायरी आणि आईबाबांची डोकी, दोन्हींचं काहीतरी सैल झालं होतं.

आतला गिअर काढायचा तर अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागला असता, आणि तिला दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू व्हायचं होतं. म्हणून मिस्त्रींनी निदान बाहेरचं सगळं काढलं. मीटर, केबल आणि टोकाचा तो पिवळा गिअर. त्या जागी गिअर न लागणारा नवा मीटर बसवला. ब्रेकही तपासून दिले. काढलेलं सामान ह्यांनी माझ्या शिलाईच्या टेबलावर आणून टाकलं, उद्या फेकतो म्हणाले.

सकाळी भिंगरी हात हलवत गेली. मी पडद्यांना पट्टी घालायला बसले.

कुर्रर्र...

मीटर सोडला तर केबल कशालाच जोडलेली नव्हती. तरी तो पिवळा गिअर कापडावर गरगर फिरत होता...

काटा चाळीसवर गेला. मग हळूहळू शून्यावर आला. थोडा वेळ तसाच राहिला. मग पुन्हा वीस... तीस...

मी घाबरून भिंगरीला फोन लावला. सिग्नलला थांबले होते, आत्ताच निघाले, आणि मी गाडी चालवत असताना फोन करत जाऊ नकोस, असं ती माझ्यावरच खेकसली.

जोडी फुटलीच नव्हती. आतला गिअर माझ्या लेकीबरोबर गेला होता, आणि बाहेरचा माझ्यासमोर अजून त्याच्याबरोबर फिरत होता.

फेकायचं नाव मग मी कुणाला काढू दिलं नाही. ती निघाली की मला कळायचं, पोचली की कळायचं. काटा साठच्या वर गेला की हात फोनकडे जायचा. पण फोन करायची सोय नव्हती. केला असता तर तिने चालवतानाच उचलला असता. नुसतं बघत बसायचं. जीव नकोसा झाला होता.

मग तिला दुपारची पाळी लागली.

काटा चाळीसवर होता. मग पन्नास. मग साठ...

मी हातातली कात्री खाली ठेवली.

सत्तर. आणि काटा थरथरायला लागला. गॅरेजमध्ये पाहिला होता तसाच...

मी विचार केलाच नाही. तो गिअर चिमटीत धरला. दाते बोटांत घुसले. एवढासा तुकडा, पण दांडगं जनावर दोरीला हिसका देतं तशी त्याला ओढ होती. दोन्ही हातांनी धरला, टेबलाला पाय लावला, आणि सोडला नाही. पडद्यावर रक्त ठिबकत होतं. काटा साठवर आला... चाळीस... वीस...

शून्य. या वेळी उतरताना दिसला.

थोड्या वेळाने फोन वाजला. भिंगरी रडत होती.

"आई, ब्रेक लागेनात गं. समोर भिंत होती. आणि गाडी आपोआप हळू झाली... मागून कुणीतरी धरल्यासारखी."

मीही नुसती रडत राहिले.

ह्यांनी ती लाडकी गाडी समोर उभं राहून तोडून घेतली. आतला गिअर हातोडीने स्वतः फोडला. भिंगरीला सगळं सांगितलं. ती आता बसने जाते. बाहेरचा गिअर मात्र मी मीटर-केबलसकट टेबलावरच ठेवून दिला. ज्याने लेक वाचवली, ते फेकायला हात होईना. आणि आता त्यात काय उरलं होतं?

गेल्या रविवारी भिंगरी सुट्टी म्हणून घरीच होती. आम्ही तिघं दुपारी जेवत होतो...

कुर्रर्र...

आमचे घास हातातच राहिले. गाडी नाही. आतला गिअर नाही. लेक माझ्यासमोर बसलेली. आणि काटा चढत होता...

कोण निघालंय ते आम्हा तिघांनाही कळलं. कुणी नाव घेतलं नाही. नाव माहीत तरी कुठे होतं?

"आई, नको जाऊस," भिंगरी म्हणाली.

पण मी खरकट्या हातानेच तो गिअर धरला. तिचीही आई कुठेतरी असेलच ना.

तो थांबला नाही. बोटं सोलून निघाली, काटा सत्तरवर गेला, थरथरला... आणि शून्य.

तेव्हापासून रोज दुपारी हेच होतं. हे म्हणतात, ती पोरगी कधीच गेली, तू स्वतःचे हात का फोडून घेतेस? खरं आहे त्यांचं. पण काटा चढायला लागला की मला बसवत नाही. रोज धरते. अजून एकदाही ती थांबलेली नाही.