ओलं गोणपाट



पत्र्याच्या त्या लांबट खोलीत पाच माणसे बसली होती, आणि पाचही जणांनी नजर ठेवायला आपापली एकेक जागा शोधून काढली होती. डॉक्टर प्रदीप टेबलावर पसरलेल्या नकाशाकडे पाहत होते. निवृत्तीआबा मांडीवरच्या टोपीच्या घडीकडे. दाराशी भिंतीला टेकून बसलेली मंगल स्वतःच्या पायांच्या बोटांकडे. आणि सुहास हातातल्या कागदाकडे. स्नेहल मात्र खिडकीबाहेर बघत होती. आवारातल्या कडुलिंबाखाली पाठीवर जखम झालेला एक बैल राहून राहून खूर आपटत होता... त्याच्या मलमपट्टीची वेळ टळून गेली होती, आणि हे त्या साऱ्यांत फक्त त्याच्या नि तिच्या ध्यानात होते.

नकाशा तिच्याच घराचा होता. लोणावळ्यात, भांगरवाडीच्या चढावरचे ते तीन खोल्यांचे घर. ‘स्वयंपाकघर’ या शब्दावर तांबड्या शाईने रेघ मारून कुणीतरी वर ‘ड्रेसिंग’ असे लिहिले होते. जिथे तिच्या आईने, हिराबाईंनी, अखेरचा चहा केला होता, नेमकी ती जागा!

तिच्या वडिलांच्या, सीतारामांच्या, मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाला दोन महिने झाले होते. त्या दिवशी बुद्धवंदना आटोपली, पाहुणे जेवले, आणि मग वकिलांनी मृत्युपत्र वाचले. ‘माझे राहते घर मी कामशेत येथील आसरा या जखमी जनावरांच्या संस्थेस देत आहे.’ एवढेच. ज्या मुलीने दहा महिने त्यांची कूस बदलली, त्यांच्या ओठांना चमच्याने पेज लावली, तिचे नावसुद्धा त्या कागदात नव्हते. आणि दैवाचा विनोद असा, की त्याच संस्थेत ती गेली एकोणीस वर्षे राबत होती, आणि आज त्या देणगीचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी सगळे तिच्याच मताची वाट पाहत होते.

“ताई,” डॉक्टर अखेर म्हणाले, “माझा विचार सरळ आहे. खाली कुत्र्या-मांजरांचा दवाखाना, वरच्या खोलीत तुम्ही, दारावर सीतारामभाऊंचं नाव. सुहासरावांची अटही पाळली जाते.”

सुहासच्या हातातले संमतिपत्र ते हेच. नवलाख उंबरे या गावातल्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला तिचा हा धाकटा भाऊ मृत्युपत्राला हरकत घेणार नव्हता. पण त्याने एक ओळ घातली होती : माझी बहीण हयात असेपर्यंत त्या घरात राहील.

“ती ओळ निघणार नाही,” तो खाली बघतच म्हणाला.

“डाक्टर, एक इचारू?” संस्थेचे जुने कार्यकर्ते असलेल्या निवृत्तीआबांनी टोपी झटकली. “त्या बोळात सायकलवरून मला उतरावं लागतं. त्यातनं बैल कसा आत न्यायचा? का त्याला म्हणायचं, बाबा रे, तू मांजर हो आन् मग ये?”

डॉक्टर ओशाळून हसले. स्नेहल हसली नाही. तिने समोरचा नोंदकार्डांचा खोका पुढे ओढला.

“मी गेल्या अकरा वर्षांची कार्डं लावून पाहिली,” ती म्हणाली. तिचा आवाज कुणा परक्या माणसाबद्दल बोलावे तसा सपाट होता. “मोठी जनावरं सगळ्यात जास्त रेल्वेच्या कडेला जखमी होतात, मळवली ते कामशेत. ती मरतात ती भाड्याचा टेम्पो येईपर्यंत. यातल्या अठ्ठ्याहत्तर कार्डांवर कळवणाऱ्याचं नाव एकच आहे... वाटसरू. जागा किलोमीटरमध्ये. किलोमीटर एकशे चाळीस, खांब बारा. अशी जागा रेल्वेचाच माणूस सांगतो. शेवटचं कार्ड गेल्या वर्षीच्या...”

ती थांबली. तारीख वाचायची राहून गेली. त्या तारखेनंतर चारच दिवसांनी सीताराम अंथरुणाला खिळले होते.

दाराशी मंगलने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

“मंगल?”

“ताई, मला शपथ घातलेली... पर ते गेले, तर शपथ बी गेली आसंल.” मंगल डोळे पुसत होती आणि ते पुन्हा भरत होते. “संस्थेचा फोन मीच उचलते न्हवं? सीतारामभाऊ म्हणायचे, मंगल, नाव लिव्हू नकोस. म्या म्हनलं, कार्डावर कायतरी लिव्हावं लागतंय. तर म्हनले, वाटसरू लिव्ह. आन् स्नेहलला कळलं तर माझा फोन बंद.”

सीताराम रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून, रुळाची एकेक चावी, म्हणजे रूळ आवळणारी पाचर, ठोकत, रोज ठरलेला टप्पा चालायचा; चौतीस वर्षे ते चालले, आणि निवृत्त झाल्यावरही, पाय घरी ठरेनात म्हणून, रुळाशेजारच्या पायवाटेने चालत राहिले. घरात सर्वांना ठाऊक होते की अण्णा सकाळी फिरायला जातात. कुठे, हे कुणी विचारले नव्हते... निदान स्नेहलने तरी नव्हते.

तिने त्यांना काहीच विचारणे कधीच सोडून दिले होते. बारावीनंतर पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिचा नंबर लागला, त्या दिवशी पत्राची घडी करून ते म्हणाले होते, “पुढच्या वर्षी सुहासला इंजिनिअरिंगला घालायचंय. दोघांचं व्हायचं नाही.” ती रडली नव्हती, भांडली नव्हती, फक्त त्या दिवसापासून जे बोलायचे ते आईमार्फत. ‘अण्णांना सांग जेवायला.’ ‘तिला म्हणावं छत्री ने.’ मग हिराबाई गेल्या, आणि त्या घरातला दुभाष्याच गेला. उरली ती ताटलीवर ठेवलेल्या झाकणांची, दाराच्या कडीची, रेडिओच्या बटणाची भाषा. आजारपणातही तिने त्यांना सारे काही दिले, शब्द सोडून. ती जनावरांची डॉक्टर झाली नाही. डॉक्टरांच्या हातात कात्री देणारी झाली. दिसेनाशी झालेली ती जखम आत मात्र अखंड वाहत राहिली!

“ते तितंच थांबायचे,” मंगल सांगत होती. “तुमी जाईस्तवर जनावरापाशी बसून कावळे हाकलायचे. तुमची गाडी वळली की भरावाच्या पल्याड उतरून उभे. एकदा मी संगं आलते तवा दिसले मला. पावसात उभे व्हते, ताई. तुमी वासराचं रगत थांबवत व्हता, आन् ते गवतातनं बघत व्हते... निस्ते बघत व्हते.”

 

स्नेहलला गोणपाट आठवले. वाटसरूने कळवलेल्या प्रत्येक जनावराच्या डोळ्यांवर तिला ओले गोणपाट टाकलेले सापडे, कडा नीट आत दुमडलेल्या, श्वासाला वाट ठेवलेली. गावातल्या कुणा शहाण्या माणसाचे काम, असे ती समजत आली होती. पण ती सात वर्षांची असताना रुळाकाठच्या एका शेळीच्या डोळ्यांवर असेच गोणपाट घालून कुणीतरी तिला म्हणाले होते : “बघ, दिसलं नाही की भीती निम्मी होते.” ते कोण होते हे विसरण्यासाठी तिने केवढी वर्षे खर्ची घातली होती!

“ताई,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “त्यांच्या दृष्टीनं संस्था म्हणजे तुम्हीच. नातेवाइकांनी कज्जा करू नये म्हणून त्यांनी घर संस्थेला... म्हणजे तुम्हालाच दिलं असणार. संस्थेत आपण सगळे मिळून ठराव करतो, हे त्यांना कुठून माहीत?”

आयुष्यभर हिशेबाने वागलेल्या माणसाने अखेरीस एवढी भाबडी चूक करावी... आणि ती चूक पाहूनच तिला प्रथम त्यांची दया यावी!

तिने नकाशाची घडी घातली. घडीवर घडी, अगदी एका जुन्या पत्राची घातली गेली होती तशी.

“घर विकायचं,” ती म्हणाली. “जनावर उचलणारी एक गाडी घ्यायची, आणि ती कामशेतच्या रेल्वे-फाटकाशी उभी ठेवायची. तिच्यावर कुणाचं नाव नको. सुहास, ती ओळ खोड.”

“नाही!” सुहास उठून उभा राहिला. मोठमोठ्या यंत्रांवर हुकूम सोडणारा तो माणूस टेबलाची कड घट्ट धरून बोलत होता. “माझ्या फीसाठी तुझं कॉलेज गेलं. आता माझ्याच सहीनं तुझं छप्पर घालवू? लोक काय म्हणतील ते राहू दे... मी रात्री झोपू कसा, ताई?”

“मंगलच्या शेजारची खोली रिकामी आहे.”

“आन् माज्या घोरण्याची सवय हाय का तुमाला?” मंगल रडतारडता म्हणाली.

“लागेल.”

निवृत्तीआबांनी खिशातले पेन काढून सुहासपुढे धरले. त्याने ते बराच वेळ घेतले नाही. मग घेतले, आणि ज्या ओळीवर त्याने दोन महिन्यांचा सारा पश्चात्ताप रचला होता, तिच्यावर एक वाकडी रेघ ओढली. रेघेच्या टोकाशी शाई साचली. स्नेहलने आपल्या बोटाने ती जागा टिपली आणि तसेच ते बोट क्षणभर भावाच्या मनगटावर ठेवले. पंचवीस वर्षांत तिने त्याला केलेला हा पहिला स्पर्श होता.

ती बाहेर पडली. ऊन उतरले होते. दूर, मळवलीच्या बाजूने, मालगाडीची लांबलचक धडधड येत होती. सुहास तिच्या मागोमाग आवारात आला.

“ताई, एक सांग.”  “अण्णा तिथं गवतात उभे असायचे, हे तुला आधी कळलं असतं... तर बोलली असतीस त्यांच्याशी?”

कडुलिंबाखाली बैलाने पुन्हा खूर आपटला. स्नेहलने खुंटीवरचे गोणपाट काढले, पिंपात बुडवले, दोन्ही हातांनी पिळले. पाण्याची धार तिच्या पायांवरून ओघळून मातीत गेली. मग डोळ्यांवर घालायला, अण्णांसारख्याच कडा नीट आत दुमडत, मागे वळून न बघता, ती बैलाकडे चालू लागली.