बोटाआधीचा सूर

कवळीवाल्याला गिटारचा आवाज मोठा करणारा एक छोटा ॲम्प हवा होता, एवढीच गोष्ट. दिवसभर तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा, म्हणून मित्रांत त्याचं नावच ते पडलेलं. शनिवारी दुपारी एका कॉफीच्या दुकानात तो गिटार वाजवायचा आणि त्याचा मेहुणा ड्रम. जुन्या ॲम्पने एक दिवस धूर काढून राम म्हटला, तेव्हा ह्याने ठरवलं, आता घ्यायचा तर ट्यूबचाच. जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. नळ्या तापल्या की सुराला जी ऊब येते ती दुसऱ्या कशाला नाही, हे त्याने बायकोला इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी तीच म्हणाली, "घेऊन टाक बाबा एकदाचा. पण खिशाकडे बघून. आणि शेजारी भांडायला आले तर दार तू उघडायचंस."

दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान तळघरात होतं. भर दुपारीही तिथे दिवा लागायचा, आणि वितळलेल्या कथलाचा वास भिंतींत मुरलेला होता. बाईंनी दोन ॲम्प पुढे ठेवले.

"हा पंधरा वॉटचा. बाहेर राजा, पण घरात लावलात तर मांडणीवरची भांडी नाचतील. हा एक वॉटचा. घरात गोड. ड्रम सुरू झाला की मात्र बिचारा नुसतं तोंड हलवतोय असं वाटेल."

"आणि तो?"

कोपऱ्यात एक राखाडी पेटी होती, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

बाईंनी नाइलाजाने तिकडे बघितलं. "पाच वॉटचा. मागे खटका आहे, दाबला की अर्ध्या वॉटवर येतो. घरी चालेल, बाहेरही चालेल. स्वस्तात देईन."

"मग आधीच का नाही दाखवलात?"

"तीनदा परत आलाय. उघडून बघितला, दोष काही सापडत नाही. परत आणणारेही काही सांगत नाहीत..."

कवळीवाल्याने तो लावून बघितला. नळ्या हळूहळू नारिंगी झाल्या, तापलेल्या धुळीचा वास आला, आणि पहिल्याच तारेला सूर असा उमटला, जणू तो बोटाची वाटच बघत होता. माणूस तिथेच विरघळला.

दोन दिवस घरात आनंदीआनंद होता. बुधवारी मेहुणा सरावाला आला. दोन गाणी झाली आणि त्याने काठ्या खाली ठेवल्या.

"दाजी, घाई करताय."

"मी? तूच रेंगाळतोयस."

मेहुणा उठून त्याच्या शेजारी उभा राहिला, हाताकडे बघत. "परत वाजवा बरं." थोडं ऐकलं. "आता एकच तार." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "दाजी... आवाज आधी येतोय. बोट नंतर."

दोघंही हसले. खात्री करायला म्हणून मोबाइलवर चित्रण केलं आणि सावकाश करून बघितलं. आधी सूर होता. तार नंतर हलत होती. एरवी लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्यापर्यंत कुठेही विनोद करणारा मेहुणा, त्या दिवशी न बोलता काठ्या पिशवीत घालून निघून गेला.

अंतर वाढत गेलं. गुरुवारी पापणी लवण्याइतकं होतं. शुक्रवारी सकाळी अख्खी ओळ आधी ऐकू यायची आणि मग त्याचा हात ती जशीच्या तशी वाजवायचा, त्यातल्या चुकीसकट. एकदा त्याने दात आवळून ठरवलं, काही झालं तरी आता वेगळंच वाजवायचं. बोटं खरोखरच वेगळीकडे वळली. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, ॲम्पने मघाशी वाजवलं होतं ते हेच.

त्या दुपारी बायको बाहेर गेली होती. त्याने ॲम्प लावला आणि गिटार मांडीवर घेऊन दोन्ही हात तारांपासून लांब धरले. ॲम्प वाजू लागला. शनिवारचं पहिलं गाणं. पहिलं कडवं, दुसरं... तिसऱ्याच्या मध्यावर सूर तुटला. लाकूड फरशीवर आपटल्याचा आवाज, सगळ्या तारा एकदम कळवळल्या. आणि विहिरीच्या तळातून यावा तसा मेहुण्याचा आवाज. "दाजी... दाजी, उठा ना... ताई, इकडे ये, ताई..."

मग नुसती घरघर.

त्याने वायर हिसकली. नळ्या विझेपर्यंत तो पाठ भिंतीला लावून उभा होता. तसाच तो डॉक्टरकडे गेला. कार्डिओग्राम काढला. "घोड्यासारखं हृदय आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. "कॉफी तेवढी कमी करा." मग घरी येऊन त्याने पेटी बाईंच्या दुकानात नेली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

सांगावं असं त्याच्या फार मनात होतं. पण तोंडून निघालं ते एवढंच, "मला पंधरा वॉटचा द्या."

"चौथे," बाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि त्यांनी पेटी भिंतीकडे वळवली.

शनिवारी कॉफीच्या दुकानात नेहमीची पंचवीस-तीस माणसं होती. पुढच्या टेबलाशी बायको मोबाइलवर चित्रण करत बसली होती. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसरं लागलं तसं त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. मध्य आला... आणि गेला. सूर तुटला नाही, गिटार हातातच राहिली. त्याला हसूच फुटलं. मेहुण्याने ड्रममागून डोळा मारला. टाळ्या पडल्या, आणखी चार गाणी झाली, आणि कवळीवाल्याने कितीतरी दिवसांनी रात्रभर गाढ झोप घेतली.

रविवारी सकाळी मेहुणा आला, तेव्हा कवळीवाल्याने त्याला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती हसली. "एवढं मनात ठेवून वाजवलंस? थांब, दाखवते कसं झालं ते." तिने मोबाइल टेबलावर उभा केला.

पडद्यावर तो वाजवत होता. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर आवाज तुटला. लाकूड आपटलं, तारा कळवळल्या. "दाजी... दाजी, उठा ना..." पडद्यावर मात्र त्याची बोटं चालूच होती, मेहुणाही मान डोलवत ड्रम वाजवत होता.

"माझा आवाज आहे," मेहुणा मोबाइलकडे वाकला. "पण मी हे बोललो नाहीये... ताई, तू होतीस ना तिथे?"

मोबाइल बंद करायला कुणाचाच हात पुढे झाला नाही. बराच वेळ घरघर चालली. मग फरशीवरून कुणीतरी गिटार उचलावी तसा खरडल्याचा आवाज आला, आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या. पडद्यावर कवळीवाला वाकून हसला.

"हा तू नाहीस," बायको हळूच म्हणाली. बावीस वर्षं तिने त्याचं वाजवणं ऐकलं होतं. तो बोटाच्या मऊ पेराने वाजवायचा. हे वाजवणारं नखांनी वाजवत होतं. प्रत्येक तारेवर, खट, खट.

"वेडी आहेस का? हा काय समोर बसलोय." त्याने कोपऱ्यातली गिटार उचलली. ॲम्प नाही, वायर नाही. दोन्ही हात त्यांच्यापुढे पसरले. मेण आणि प्लास्टरच्या कामापायी नखं नेहमीसारखी मुळापर्यंत कापलेली होती. "बघा. नीट बघा."

मग त्याने मऊ पेर तारेवर टेकवलं आणि ओढलं.

खट.

त्याने बोटाकडे बघितलं. दुसरी तार ओढली. खट.

बायकोने खुर्ची भावाच्या बाजूला जराशी सरकवली. नजर नवऱ्यावरच होती.

"आज जाऊ नकोस," ती भावाला म्हणाली. "इथेच राहा."