रखमाजी बिन हौशीराम

कंदील जरा बारीक करा. विझवू नका, नुसता बारीक. ज्याची ही गोष्ट आहे तो केशव मास्तर लोणावळ्याच्या शाळेत माझ्या शेजारचा वर्ग शिकवायचा. गेल्या साली त्याची बदली नगरकडे झाली, नाहीतर त्यालाच बोलावलं असतं. अर्थात तो बोलला असता की नाही, कोण जाणे. मला त्यानं एकदाच सांगितलं, आणि शेवटचं जे आहे ते मी स्वतः पाहिलंय.

केशव तळेगावच्या अनसूयाबाईंकडे वाढला. बाई विधवा, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. हे पोर त्यांच्या पोटचं नव्हे. एकोणीसशे अठरा साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली, तेव्हा मळवली स्टेशनवरच्या एका गँगमननं तापानं फणफणलेलं पाच वर्षांचं पोर तळेगावला आणलं. त्याला आत्याकडे पोचवायचं होतं. आत्याच्या दाराला कुलूप. ती आठवड्यापूर्वीच साथीत गेलेली. शेजारच्या अनसूयाबाईंनी पोर आत घेतलं. ते महिनाभर बोललं नाही. बोलायला लागलं तेव्हा बापाचं नाव रखमाजी, एवढं सोडून त्याला काही आठवत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा नाही. केशव हे नाव बाईंनी ठेवलं.

बाप न्यायला आला नाही.

केशवला आयुष्यभर एवढंच छळत राहिलं. बाप साथीत मेला असेल, तर देवाची मर्जी. पण जगला असेल आणि आलाच नसेल तर? लग्न झालं, मुलगी झाली, तरी सुट्टी मिळाली की हा वडगावच्या कचेरीत जुनी दप्तरं चाळत बसायचा. मळवलीच्या आसपासची गावं एकेक करून पाहिली. दीड वर्षात तीन रखमाजी सापडले. दोघांची पोरंबाळं सुखानं नांदत होती. तिसरा लोहगडाखालच्या एका गावचा. गावाचं नाव मी घेत नाही, माणसं आहेत अजून. खात्यावर लिहिलेलं होतं: रखमाजी बिन हौशीराम, म्हणजे हौशीरामचा मुलगा; भातखाचर, बावीस गुंठे.

अडतीस साल. आश्विन वद्य पंचमी, शुक्रवार. दुपारच्या गाडीनं केशव मळवलीला उतरला आणि चालत त्या गावी गेला. पाटील महिपती चांगला माणूस. केशवनं आपण रखमाजीचा लांबचा नातलग असल्याचं सांगितलं. मुलगा म्हटलं असतं तर जमिनीसाठी आला, असं वाटलं असतं. पाटलानं चहा दिला आणि पेटीतून गावची मयतांची वही काढली.

अठरा सालच्या पानांवर दसऱ्यापर्यंत रोज नोंदी. एका दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी चौदा. अक्षर वळणदार. मग ते अक्षर तिरकं होत गेलं. मग कोरं पान. पुढची नोंद एकदम मार्गशीर्षातली, दुसऱ्याच हातची.

“मधल्या नोंदी?” केशवनं विचारलं.

“लिव्हनारा माजा चुलता. त्योच ग्येला,” महिपती म्हणाला. “मंग कोन लिव्हनार? त्या टायमाला जी मानसं ग्येली ती बिनलिव्हलेलीच ग्येली, मास्तर.”

“आणि रखमाजी?”

“बायको ग्येली त्येची, ती हाय बगा वहीत. एकट्यानं जाळली तिला. पोराला ठेसनावर न्हेऊन सोडलं आन् माघारी आला. फुडं कुनी बगितला न्हाई. आमी समदी रानात खोपी घालून ऱ्हायलेलो. कुनी म्हनतं म्हमईला ग्येला.” पाटलानं वही मिटली. “मेल्याची नोंद न्हाई, म्हून खातं त्येच्याच नावावर. सरकारच्या लेखी रखमाजी अजून जिता हाय.”

केशवला ते खाचर पाहायचं होतं. महिपती बरोबर आला नाही. ओढ्याकडची वाट दाखवली आणि म्हणाला, “दिस बुडायच्या आत फिरा माघारी.”

“का?”

“वाट वाईट हाय,” असं म्हणून त्यानं दुसरीकडे पाहिलं.

वाट काही वाईट नव्हती. ओढ्यापलीकडे खाचर होतं. आजूबाजूच्या खाचरांत भात पिवळं झालेलं, आणि मधल्या या तुकड्यात वीस वर्षांचं गवत. कमरेइतकं. कडेला घराचं जोतं तेवढं उरलेलं. केशव त्या जोत्यावर बसला. आपण इथे जन्मलो, असं स्वतःला सांगून पाहिलं. काही आठवेना. रडूही येईना. अशा ठिकाणी बसल्यावर काहीतरी वाटायला हवं, एवढंच त्याला वाटत राहिलं. त्या नादात अंधार पडला.

वद्य पंचमी म्हणजे चंद्र उशिरा. काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. खस्स... खस्स... विळ्याचा.

गवतातून कोणीतरी कापत येत होतं. घाईघाईनं.

“कोण आहे?” केशव म्हणाला.

विळा थांबला नाही. “भात झडाया लागलंय,” एक दमलेला आवाज म्हणाला. “कापाया मानूस न्हाई.”

“एकटेच आहात?”

“समदी ग्येली.”

खस्स... खस्स...

केशवला पळावंसं वाटलं, पण त्या आवाजातला दम त्याला जागचा हलू देईना. हा दम मी ओळखतो, असं त्याला वाटलं. कसा, ते सांगता येईना.

“रात्रीचं कशाला कापता, आबा?”

“पोराला ठेसनावर सोडलंय. येवडं भात काडतो आन् जातो आनाया.” थोडं थांबून तो म्हणाला, “किती बी कापलं तरी सरंना.”

“नाव काय पोराचं?”

आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. “बजरंग.”

“ओ,” केशव म्हणाला.

त्यानं ठरवून म्हटलं नाही. तोंडातून निघालं. वीस वर्षांत कोणी त्या नावानं हाक मारली नव्हती...

विळा थांबला.

“आबा, मीच तो. मी मोठा झालो. तुम्ही आता...”

“न्हाई.” अंधारातून उत्तर आलं. रागाचं नव्हे, समजावणीचं. “माजं पोर लहान हाय. पाच वर्सांचं. एकलंच बसलंय तितं.”

आणि पुन्हा, खस्स... खस्स...

मला सांगताना केशव म्हणाला, भीती तिथंच संपली. उरलं ते भीतीहून वाईट. बाप पुढ्यात होता, आणि त्याला मी नको होतो. त्याला तो लहानगा हवा होता.

मग केशवनं कोट काढला. “मला विळा द्या, आबा. दोघं मिळून कापू.”

“तितं हाय बग. तिचा हाय. ती न्हाई आता.”

केशवच्या हाताला लाकडी मूठ लागली. त्यानं जन्मात विळा धरला नव्हता. वाकला. मूठभर धरायचं, ओढायचं. शेजारी तो दुसरा आवाज. त्याच्या तालावर. हातात येत होतं ते गवत नव्हतं... लोंब्या होत्या. जड. चंद्र वर आला, तरी केशवनं मान वळवून पाहिलं नाही. पाहिलं तर तो जाईल, एवढंच डोक्यात. एकदाच त्यानं विचारलं, “दमलास?” केशव म्हणाला, “नाही.”

मग विळा हवेत फिरला. पुढं काही नव्हतं. बांध लागला होता.

“झालं,” आवाज म्हणाला. किती तरी वेळानं श्वास सोडल्यासारखं. “जातो. पोर वाट बगतंय.”

पावलं वाजली. ओढ्याच्या पाण्यातून गेली. केशवनं वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. चांदण्यात गवत उभं. कमरेइतकं. एक काडी कापलेली नाही. हातात विळा नाही. तळहातांना मात्र फोड आलेले, आणि ते फुटलेले.

तो स्टेशनच्या वाटेनं धावत सुटला.

इकडे लोणावळ्यात रात्री दहाला त्याची बायको चंद्रिका माझ्या दाराशी आली. मळवलीहून अजून आले नाहीत म्हणाली. मी पहाटेची पहिली गाडी धरली. मळवलीला उतरलो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. केशव फलाटाच्या टोकाला उभा, कोट नाही, हात रक्ताळलेले. पुढं त्यानं पाटलाच्या वहीत बापाच्या मयताची नोंद करून घेतली. मुलगा म्हणून सही केली, जमीन मागितली नाही, आणि दर आश्विन वद्य पंचमीला बापाचं श्राद्ध करू लागला. पण ते नंतरचं.

त्या पहाटे रूळ बदलणारा पॉइंट्समन मारुती हातबत्ती घेऊन फलाटावरच्या बाकाजवळ उभा होता. “ह्ये पावनं सोडलं तर रातच्याला कुनी आलं न्हाई, मास्तर,” तो मला म्हणाला. “मी जागाच व्हतो. कुनीच न्हाई आलं.”

त्यानं बत्ती खाली धरली.

पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. फलाट कोरडा. त्यावर फाटकापासून बाकापर्यंत ओल्या चिखलाची पावलं. मोठ्या माणसाची, अनवाणी.

बाकापासून ती परत फाटकाकडे गेली होती.

आणि जाताना... त्यांच्याशेजारी... लहान पावलं होती. पाचेक वर्षांच्या पोराची.