झाकणावरचे थेंब

बस, अनुदारी. पुढच्या महिन्यात जपानला निघणार म्हणून सल्ला विचारायला आलीस, तर चहा घे आणि जरा निवांत बस. एरवी मी मुलांना सायकल कुठली घ्यावी, थंडीत खोली गरम कशी ठेवावी एवढं सांगते आणि वाटेला लावते. पण तू वसतिगृहात राहणार नाहीस, तिथल्या एका घरात राहणार आहेस, आणि तेही बंदरावरच्या. मग तुला हे ऐकलंच पाहिजे. दिवा राहू दे लागलेला.

मी गेले तेव्हा तुझ्याच वयाची होते. आपलं विद्यापीठ आणि त्यांचं विद्यापीठ यांच्यात मुलांची अदलाबदल ठरली होती, तिथे वर्षभर राहून जपानी पक्कं करायचं आणि परत यायचं. आपल्या गवताळ मुलखाला समुद्रच नाही, मी तो नकाशाशिवाय कुठे पाहिला नव्हता. निघताना आईने माझा उजवा गाल हुंगला आणि डावा सोडला. "हा परत येशील तेव्हा, खुलान," म्हणाली. बस हलली तशी फाटकात उभं राहून माझी वाट सुखरूप व्हावी म्हणून तिने तिच्यावर पळीने दूध शिंपडलं. तू येईस्तोवर रोज सकाळी शिंपडीन म्हणाली. तुझी आईही हेच करणार, आपल्याकडे कोणती करत नाही? मी खिडकीतून हसले होते.

मी राहिले त्या बाईंचं नाव तोशिए. एकट्याच होत्या. बंदरावर मासळीच्या लिलावाआधी पेट्या भरायचं काम करायच्या. घराला सुकवलेल्या माकूळ मासळीचा वास होता, पडद्यांना, उशीला, माझ्या वह्यांनासुद्धा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला आई म्हण. मी तोशिए-सानच म्हणत राहिले. माझी आई घरी धडधाकट असताना दुसरीला आई कशाला म्हणायचं?

त्या भरभर बोलायच्या, बंदरावर बोलतात तसं, अर्धे शब्द गिळून. मला चारातला एक शब्द कळायचा, आणि मी मान डोलवून हो म्हणायचे. ही आपली खोड सगळ्यांनाच असते, तुलाही लागेल. वर्गात निशिवाकी बाई मला चिडवायच्या, "खुलान, तू हो फार गोड म्हणतेस. समजल्यावर कसं म्हणतेस, ते एकदा ऐकायचंय मला."

रोज सकाळी टेबलावर दोन ताटं असायची. माझ्यापुढे माझं, आणि समोर खिडकीच्या बाजूला दुसरं: भात, भाजलेला बांगडा, मुळ्याचं लोणचं आणि झाकण ठेवलेली सूपची काळी वाटी. तोशिए-सान उभ्याउभ्याच काहीतरी खायच्या, म्हणून मला वाटायचं ते त्यांचंच ताट, गार झाल्यावर जेवत असतील. त्या ताटातल्या जेवायच्या काड्यांची टोकं उलट्या बाजूला असायची, हे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.

एका रात्री झोपायला जाताना त्या मला बरंच काही सांगत होत्या. बोटाने दाखवत, फ्रिजकडे, मग टेबलाकडे, मग दाराबाहेर. मी म्हटलं, हो. हो, हो. सकाळी उठले तर त्या कामावर गेलेल्या, आणि टेबलावर एकच ताट, खिडकीच्या बाजूचं. वाटीच्या झाकणाखालून वाफ येत होती. आपल्या पुढ्यात मांडलेलं न खाता उठणं आपल्याकडे केवढा अपमान, तुला सांगायला नको. मी तिकडे जाऊन बसले. झाकण उचललं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब होते. दोनचार माझ्या मनगटावर ओघळले. मी सगळं खाल्लं, सूप शेवटपर्यंत प्याले. त्या सूपला खारटपणा जरा जास्त होता.

कामावरून परतलेल्या तोशिए-सान मला त्या जागी बसलेलं पाहून गमबूट घालूनच आत आल्या. त्यांच्या घरात कोणी असं येत नाही, तू बघशीलच. रिकाम्या वाटीकडे बघत त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. मग फ्रिज उघडून मला दाखवला. आत माझं ताट होतं, कागदाने झाकलेलं. रात्री त्या तेच सांगत होत्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी वाकून वाकून माफी मागत होते. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि पहिल्यांदाच हळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"झाकणाला आतून पाणी होतं?"

"होतं. हातावर पडलं माझ्या."

"नक्की? मी मांडते तेव्हा कोरडंच असतं. दुपारी उचलते तेव्हाही कोरडं. इतकी वर्षं..."

मग त्या रडायला लागल्या, हसत हसत. त्यांचा मुलगा तोमोनोरी माकूळ पकडणाऱ्या बोटीवर होता. बोट सापडली, तो सापडला नाही. लांब गेलेल्या माणसाच्या नावाने घरात ताट मांडायचं, म्हणजे तो असेल तिथे उपाशी राहत नाही, अशी त्यांच्यात रीत. झाकणाला थेंब धरले तर माणूस जिवंत. शेजाऱ्यांनी, भिक्षूंनी, सगळ्यांनी सांगून पाहिलं, की आता पुरे. या बाईने ऐकलं नाही. आणि ते ताट मी खाल्लं होतं, त्याच्या काड्यांनी.

मी म्हटलं, मला शिव्या तरी द्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, फार मायेने.

"पोट भरलं ना रे?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर एकच ताट येऊ लागलं.

मी म्हटलं, चला, बाईंचा जीव मोकळा झाला. माझं जपानीही बघता बघता सुधारलं. दुकानातले, बसचा ड्रायव्हर, धक्क्यावरचे म्हातारे, सगळ्यांचं कळायला लागलं. मी खूश होते, उगाच कशाला खोटं बोलू? वर्गातली कोरियन मुलगी जळायची, म्हणायची, ही झोपेत पुस्तक उशाखाली ठेवते वाटतं. एकदा सकाळी मी आत हाक मारली, "आई, लोणचं संपलं." हाक मारून झाल्यावर मला कळलं, मी काय म्हणाले ते. आतून लगेच ओ आली.

सहामाहीला तोंडी परीक्षा होती. विषय साधा, माझं घर. मी आपल्या गावाचं सगळं पाठ करून गेले होते, कुंपण, घोडे, हिवाळ्यातला बर्फ. बोलायला लागले आणि छान बोलत सुटले. निशिवाकी बाई आधी हसऱ्या होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी थांबल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "ही भाषा तुला आम्ही शिकवलेली नाही. असं बंदरावरचे पुरुष बोलतात."

मी म्हटलं, मी तिथेच तर राहते.

"ते ठीक. पण खुलान... तू लहानपणी वडिलांच्या बोटीवरून पडलीस, हनुवटीला टाके पडले, असं आत्ता सांगितलंस. वडील तर घोडे पाळतात ना तुझे?"

मी घोड्यांचंच बोलले होते. निदान मला तसंच वाटत होतं. हात आपोआप हनुवटीवर गेला, आणि बाईंची नजर त्या हातावर गेली. डावा होता.

त्या दिवशी घरी आले ती सरळ टेबलाशी गेले. ताट मांडलेलं होतं. काड्यांची टोकं उजवीकडे, डावखुऱ्याला उचलायला सोयीची. कधीपासून त्या तशा मांडत होत्या? आणि कधीपासून मी त्या तशा उचलत होते? मी उजव्या हाताने धरून पाहिल्या, तर पोर धरेल तशा सटकल्या. तोशिए-सान शेजारी उभ्या होत्या. "राहू दे," म्हणाल्या, "शाळेतही तुला बदलायला लावत होते. मीच नाही म्हटलं होतं."

मी खोलीत जाऊन आईला फोन लावला, चेहरा दिसतो तसा. तिला पाहूनच मला रडू फुटलं. ती गावच्या गोष्टी सांगू लागली, आणि मी हो हो करत होते, कारण ती घेत होती ती नावं मला ओळखीची लागत नव्हती. मी ज्याला पिल्लाचं मोठं केलं त्या कुत्र्याचं नाव तिने घेतलं, तर मी विचारलं, तो कोण? मग तिने स्क्रीनजवळ तोंड आणलं.

"कप डाव्या हातात का धरलायस? कोणी शिकवलं हे तुला?"

मी कप हातातून सोडूनच दिला.

वर्ष पुरं व्हायच्या आधी मी परत निघाले. विद्यापीठात तब्येतीचं कारण दिलं. वाटलं होतं तोशिए-सान अडवतील, पाया पडतील. तसलं काही झालं नाही. स्टेशनवर डबा दिला, मफलर नीट गुंडाळला, आणि दारातून मुलाला सोडतात तितक्या सहज म्हणाल्या, "जाऊन ये."

मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. तरी माझ्या तोंडून आलं, "येतो, आई."

त्या हसल्या. किती तृप्त दिसत होती ती बाई. तिचा राग यायला हवा ना मला? आजही येत नाही.

गावी पोचले तेव्हा आई फाटकात उभी होती. मी धावत गेले, डावा गाल पुढे केला. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, नाक गालापाशी आणलं, आणि श्वास घेतला. तिची बोटं गार पडत गेलेली मला कळली. ती मागे झाली. गाल हुंगलाच नाही तिने. मला वाटलं, रडेल, ओरडेल. तिने माझ्याकडे पाहिलं, दारात आलेल्या वाटसरूकडे बघतात तसं, आणि म्हणाली, "दमला असाल. आत या, चहा घ्या."

मी तिला सगळं सांगितलं. लहानपणीच्या खुणा सांगितल्या, जेवढ्या आठवत होत्या तेवढ्या. ती ऐकून घेते. मला वाढते, अंगावर पांघरूण घालते, आजारी पडले तर उशाशी बसते. तिने मला कधी दुखावलं नाही. शहरात ही मुलांना तिकडे पाठवायची नोकरी लागल्यावर मीच तिला इथे घेऊन आले, आणि तीही काही न बोलता आली. पण माझं नाव ती घेत नाही.

आणि रोज सकाळी, थंडी असो, धूळ असो, ती पळी घेऊन बाहेर जाते आणि आग्नेयेकडे, त्या बंदराच्या दिशेला, दूध शिंपडते. तू आज इथे झोपलीस तर उद्या बघशील. शेजारणीने एकदा विचारलं, मुलगी तर घरीच आहे, आता कोणासाठी? मी दाराआड उभी होते. आई म्हणाली, "माझी पोर अजून तिकडेच आहे. येईल."

आधी मी फार रडायचे, भांडायचे. आता नाही. आता सकाळी मीच दूध कोमट करून तिच्या हातात देते, आणि म्हणते, जरा जास्त शिंपड.

तिथे पाण्यात फार भूक लागते, मला माहीत आहे.