सकाळी सहा ते सात

"अहो... ओ निळे बूट! डावा पाय आपटताय तुम्ही!"

मरोळच्या रस्त्यावर सकाळी पावणेसहाला एका अनोळखी माणसाला असं ओरडून सांगायची काही गरज नव्हती. पण संघमित्रा पडली फिजिओथेरपिस्ट. चुकीचा पडणारा पाय दिसला की तिला राहवायचं नाही.

निळे बूट थांबले, वळून परत आले. भुरभुर पावसात भिजलेला सडसडीत मुलगा. केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत मिश्कील हसू.

"माझा पाय आपटतोय. तुमच्या डोक्यावर तर नाही ना आपटत?"

"महिन्याभरात पोटरी धरेल. मग याल माझ्याकडेच."

"यायला पत्ता लागतो..."

तिने पत्ता दिला. महिना कसला, आठव्या दिवशीच स्वारी क्लिनिकच्या दारात हजर. पोटरी अगदी ठणठणीत. "दुखायच्या आधी आलेलं बरं ना?" म्हणाला. संघमित्राने चेहरा गंभीर ठेवायचा बराच प्रयत्न केला... जमला नाही.

सुयोग घाडीगावकर. राहणार वाकोला, गाव कणकवलीजवळचं. दहा हजार मीटर पळायचा, आणि हौसेखातर नव्हे. भारताची जर्सी घालून परदेशातून ब्राँझ पदक आणलेला गडी होता तो. महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं, आणि दोन महिन्यांत तर त्याचे फॉर्मही तिच्या हातात आले.

त्याचं असं झालं. एवढ्या मोठ्या पातळीवरच्या खेळाडूला रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो. त्या तासात मी अमुक ठिकाणी सापडेन, कधीही या आणि उत्तेजकांसाठी तपासा. तीन-तीन महिन्यांचं आधी भरायचं, बेत बदलला तर तास सुरू होण्याआधी कळवायचं. तपासणारे आले आणि तुम्ही तिथे नसलात, तर एक चूक. वर्षभरात तीन चुका झाल्या की बंदी. औषध घेतलंय की नाही, हे कुणी विचारतसुद्धा नाही. सुयोगच्या दोन चुका आधीच झाल्या होत्या. एकदा गणपतीला गावी गेला आणि कळवायचं राहिलं, एकदा दाराची बेल बंद होती.

"मला हे फॉर्म-बिर्म जमत नाहीत यार. तू भरशील?"

ती भरू लागली. रोज संध्याकाळी आठला त्याचा मेसेज यायचा. 'उद्या सहा ते सात, घरी.' किंवा 'उद्या सहा ते सात, ग्राउंड.' ती नोंद करायची आणि उत्तर द्यायची, 'भरलं.' बाकीच्या मुली संध्याकाळी आठला काय काय वाचत असतील कोण जाणे. संघमित्राला मात्र या दोन ओळींवाचून जेवण जायचं नाही.

आशियाई स्पर्धेच्या संघात त्याचं नाव आलं त्या दिवशी दोघं क्लिनिकखाली चहा पीत उभी होती. ती लाडात आली होती.

"तुझ्या प्रेमात पडणारीचं कठीण आहे हं. तीन महिन्यांनंतरच्या मंगळवारी सकाळी तू कुठे असणार, तेसुद्धा मला आज माहीत आहे. न सांगता कधी टपकलास का कुठे?"

"तू म्हणत असशील तर टपकतो."

"बघू..." ती म्हणाली आणि कपाआड हसली. बोलून चालून थट्टाच ती. पण सुयोगने ती मनावर घेतली.

पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी तिच्या घराची बेल वाजली. तोंडात ब्रश तसाच घेऊन तिने दार उघडलं, तर समोर हा. घामाने डबडबलेला, हातात कागदाची पुडी. वाकोल्यापासून सहा किलोमीटर पळत आला होता.

"न सांगता आलोय," तो म्हणाला. "हे खाजं. गावाकडचं. थोडं चुरलंय..."

आई आत झोपलेली. तोंड धुऊन ती बाहेर आली आणि दोघं जिन्यातच बसली. आल्या-गुळाच्या त्या खाज्याचा वास अजून तिच्या लक्षात आहे. अर्धवट उघड्या दारातून घरातलं घड्याळ दिसत होतं. सहा दहा.

आणि तिला आठवलं. काल संध्याकाळी तिनेच भरलं होतं... वाकोला, घर. सहा ते सात.

आत्ता रिक्षा पकडली तर वीस मिनिटांत तो घरी पोचला असता. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात सुयोगने आपलं मनगट तिच्या बोटांखाली ठेवलं.

"मोज. किती आहेत ठोके?"

"एकशे दहा. पळून आलास ना."

"पळण्याचे ठोके केव्हाच उतरले असते गं. हे... तुझ्यामुळे आहेत."

तिचं तोंड मिटलं. तो काहीतरी सांगणार होता, आणि काय सांगणार हे तिला ठाऊक होतं. असे क्षण काय रोज थोडेच येतात? पाच मिनिटं... पाचच मिनिटं. त्या पाचाची पंचवीस झाली. तो बुटांच्या नाड्यांविषयी बोलला, आईविषयी बोलला, आणि शेवटी खाली बघत म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. उत्तर ओठांवर होतं, पण त्याला जरा झुलवण्यात गंमत होती ना! मग जणू आत्ताच आठवलं असं दाखवून ती ओरडली, "सुयोग! सहा ते सात!"

दोघं धावत खाली आली. हायवेवर एक टँकर बंद पडला होता, रिक्षा जागची हलेना. वाकोल्याला पोचली तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती. दारात त्याची आई, रत्नप्रभाबाई, रडकुंडीला येऊन उभी.

"मेल्या, खंय होतंस? तपासणीवाले तासभर बसान गेले! तुझो फोन हयच वाजता हा!"

पहिली चूक वर्षाची होऊन पुसली जायला फक्त एकोणीस दिवस उरले होते.

दोन वर्षांची बंदी आली. 'उत्तेजक प्रकरणी धावपटूवर कारवाई' अशी बातमी छापून आली. सुयोगने सगळ्यांना एकच सांगितलं, "मी विसरलो." तिचं नावसुद्धा घेतलं नाही. आणि संघमित्राला दर वेळी वाटायचं, आज सांगू... पण त्याचा उतरलेला चेहरा बघितला की जीभ उचलायची नाही. ज्याचं आयुष्य आपण पाच मिनिटांसाठी मातीत घातलं, त्याला 'हो' कुठल्या तोंडाने म्हणायचं? ती त्याला टाळू लागली. आज क्लिनिकमध्ये गर्दी आहे, आज आईला बरं नाही. ती 'संध्याकाळ' काही आली नाही. तिसऱ्या महिन्यात सुयोगनेही फोन करणं सोडलं.

बंदी संपल्यावर तो पुन्हा पळाला. निवड तिघांची होती आणि तो चौथा आला. मग त्याने बूट काढले आणि कलिन्याला मुलांना शिकवू लागला. हे सगळं तिला दुसऱ्यांकडून कळायचं.

आणि परवा, जवळजवळ चार वर्षांनी, तो क्लिनिकच्या दारात उभा राहिला. हातात पत्रिका.

"निधी नाव आहे तिचं. गावाकडचीच, शाळेत शिकवते. चांगली आहे," तो म्हणाला. मग पत्रिका टेबलावर ठेवली. "एक विचारू? आता विचारायला हरकत नाही म्हणून... त्या बातमीमुळेच ना? डाग लागलेला माणूस नको वाटला तुला?"

"नाही रे!" ती जवळजवळ किंचाळली. "तुला असं वाटलं? चार वर्षं?"

"मग काय वाटणार?"

हातातला टॉवेल पिळत तिने एकदाचं सांगून टाकलं. "मला आठवलं होतं, सुयोग. सहा दहालाच. मी बोलले नाही. तू काय म्हणतोस ते मला ऐकायचं होतं... म्हणून बोलले नाही."

तो समोरच्या खुर्चीत बसला.

"मला सहा पाचलाच आठवलं होतं," तो म्हणाला. "तुझी बेल दाबायच्या आधी. वळलोही होतो मी... मग म्हटलं, एकदा तिचं तोंड बघतो आणि जातो."

"मग सांगायचं नाही मला?"

"तुझ्यासाठी थांबलो म्हटलं असतं, तर तू स्वतःला दोष देत बसली असतीस. म्हणून विसरलो म्हणालो."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना. सुयोगने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला, आणि टेबलावरची पत्रिका उगाच सरळ केली. "लग्न गावीच आहे. येशील ना?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. हो की नाही, ते दोघांनाही कळलं नाही. जाताना पायऱ्यांवर त्याचा पाय ऐकू आला. डावा अजून आपटत होता.

त्या संध्याकाळी आठ वाजता तिचा फोन वाजला. आता कुणाला काही कळवायची त्याच्यावर सक्ती नव्हती. तरी मेसेज होता.

'उद्या सहा ते सात, कणकवलीच्या वाटेवर.'

संघमित्राने तो दोनदा वाचला. डोळे पुसले. मग लिहिलं,

'भरलं.'